मुलाने विचारले म्हणजे

शास्त्रपाठ : अनुवाद ६:४-२५, १ शमुवेल २:२२-२५ व ३:११-१४, १ राजे १:५-६, लूक १५:२५-३२.

बापाच्या कर्तव्याविषयी बोलावयाचे म्हटले की आपल्या मंडळ्यांत पुष्कळांच्या तोंडी प्रथम नीतिसूत्रांतील छडीचीच वचने येतात. ती वचने शास्त्रात आहेत आणि ती आम्ही खोडून काढीत नाही. परंतु ज्या बापास साऱ्या शास्त्रातून छडी तेवढीच पाठ असते, त्याने एवढ्या मोठ्या ग्रंथाचे एकच पान वाचले आहे असे म्हणावे लागते. ह्या आठवड्याचा धडा आम्ही निराळ्या ठिकाणाहून आरंभितो. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील विसावे वचन काढावे. तेथे एक मुलगा बापास प्रश्न विचारीत आहे.

प्रसंग असा. इस्राएल लोक मवाबाच्या प्रदेशात यार्देनेच्या अलीकडे थांबले आहेत. मिसरातून निघालेली पिढी बहुतेक रानातच संपली. आता जी पिढी देशात शिरणार, तिच्या मुलांनी ना फारोचा चाबूक पाहिला, ना समुद्राची दुभंगलेली वाट पाहिली. अशा मुलाने उद्या विचारले की, ह्या आज्ञा व हे विधी आपण पाळतो ते कशासाठी, तर त्याला उत्तर कोणी द्यावयाचे? याजकाने नव्हे, लेव्याने नव्हे, बापाने. आणि उत्तराचा आरंभही ठरवून दिला आहे. ‘हे पाळलेच पाहिजे’ असा तो आरंभ नाही. बापाने प्रथम हे सांगावयाचे की आपण मिसरात गुलाम होतो आणि परमेश्वराने आपणांस तेथून सोडविले. आज्ञा मागाहून येते. अगोदर घराची हकीकत, मग घराचा नियम.

वाचकहो, येथे जरा थांबू या, कारण आपले बहुतेक बाप नेमके येथेच मुके होतात. आपल्या पुष्कळ कुटुंबांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहत होते. पाणवठा वेगळा, वाट वेगळी, देवळाची पायरी वर्ज्य. ही गोष्ट मुलाला सांगण्याची बापाला लाज वाटते. मुलगा सोलापुरास शाळेत जातो, चांगले कपडे घालतो, तेव्हा जुने कशाला उकरावे, असे तो मनाशी म्हणतो. मग मुलाने विचारले की, आपण रविवारी मंदिरात का जातो, तर उत्तर मिळते, ‘जावयाचे असते म्हणून.’ अशा उत्तरावर वाढलेले मूल पंधराव्या वर्षापर्यंत मंदिरात येते आणि सोळाव्या वर्षी येईनासे होते. दोष मुलाचा फारसा नाही. त्याला नियम मिळाला, हकीकत मिळाली नाही.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील आपल्या वळसंगात एक विहीर आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण म्हणून ती आजही दाखविली जाते. आमचे म्हणणे असे की ख्रिस्ती बापानेही आपल्या मुलास हाताला धरून त्या विहिरीपाशी न्यावे आणि पाण्यासाठी माणसाला माणसाने काय करावयास लावले ते सांगावे. हा विषय आपल्या मंदिराबाहेरचा आहे असे कोणी म्हणू नये. इसहाकाने काय केले ते उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात वाचावे. पलिष्ट्यांनी मातीने बुजविलेल्या आपल्या बापाच्या विहिरी त्याने पुन्हा उकरल्या, आणि बापाने त्यांना जी नावे दिली होती तीच पुन्हा ठेवली. विहीर बुजली म्हणजे पाणी जाते, आणि नाव विसरले म्हणजे ते पाणी कोणी व कसे मिळविले हेही जाते.

घरातले सत्य उघड सांगितल्याने बापाचा मान उणा होतो, ही भीती खोटी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर पाहावे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू त्यांच्यापासून दुरावले. माय-लेकरांचे ते कष्टाचे दिवस आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात गेले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःची खातरी झाल्यावर. मधल्या काळात टिळक पत्रे लिहीत, भेटावयास येत, परंतु पत्नीचा विश्वास त्यांनी बळाने ओढून आणला नाही. टिळक तापट होते, संसारात अव्यवहारी होते, आणि हे सर्व लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ ह्या आपल्या पुस्तकात हसतहसत लिहून ठेवले आहे. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला, आणि तो निघावा म्हणून झटणारा कोण, तर तोच दत्तू, म्हणजे देवदत्त नारायण टिळक. बापाचे रागलोभ जगापुढे मांडणाऱ्या ह्या पुस्तकास मुलानेच हात दिला. ते वाचून टिळकांविषयी कोणाचा आदर कमी झाल्याचे आम्ही तरी पाहिले नाही.

आता न बोलणाऱ्या बापांकडे वळू. आमच्या मते शास्त्रातील बापांचे सर्वांत मोठे पातक मारझोड हे नसून गप्प बसणे हे आहे. एली याजक मुलांना अगदी काहीच बोलला नाही असे नव्हे. दुसऱ्या अध्यायात तो त्यांना विचारतो, समजावितो. पण ते केव्हा? स्वतः फार वृद्ध झाल्यावर, आणि गावभर बोभाटा झाल्यावर. लोकांनी सांगितले तेव्हा घरधन्याला कळले! पुढील अध्यायात देव त्याच्यावर जो ठपका ठेवतो तो हाच की मुलांचा अधर्म त्याला ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरले नाही.

दाविदाचे तर त्याहून वाईट. अम्नोनाने तामारेवर बलात्कार केला हे ऐकून राजा फार संतापला असे २ शमुवेल १३ मध्ये आहे. त्या संतापापुढे त्याने काय केले ते शोधून पाहावे. काहीच सापडणार नाही. तामार उद्ध्वस्त होऊन भावाच्या घरी पडून राहिली, आणि अबशालोमाने दोन वर्षे सूड मनात धरला. पुढे अदोनिया राज्य बळकावू लागला, तेव्हा १ राजे १:६ मध्ये लेखक सहज एक ओळ लिहून जातो, तिचा आशय असा की, असे का केलेस, एवढा प्रश्न विचारूनही बापाने ह्या मुलाला जन्मात कधी दुखविले नव्हते. गल्याथाला न भिणारा हा पुरुष स्वतःच्या मुलाला प्रश्न विचारावयास भ्याला. अबशालोम मेला तेव्हा वेशीवरच्या माडीत त्याने जो आक्रोश केला तो वाचून कोणाचेही डोळे भरतील. पण ते प्रेम मुलाच्या कानी पडण्याची वेळ निघून गेली होती.

पाळक व उपदेशक ह्यांनी येथे विशेष सावध असावे. एलीच्या घरात वाढून, त्याचा नाश डोळ्यांनी पाहूनही शमुवेलाची स्वतःची मुले लाच खाणारी निघाली (१ शमुवेल ८:३). दहा गावच्या मुलांना धडे देणारा माणूस घरी येतो तो थकून, आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला त्याची पाठ तेवढी येते.

मग कडकपणाचे काय? पौलाने इफिसकरांस ६:४ मध्ये व कलस्सैकरांस ३:२१ मध्ये बापांना बजाविले आहे की मुलांना डिवचून डिवचून त्यांचा संताप वाढवू नये आणि त्यांचे मन मोडू नये. ही आज्ञा आज आपल्याला सौम्य वाटते, परंतु ती कोणत्या काळी दिली ते ध्यानात घ्यावे. रोमी कायद्याने बापाला मुलांच्या जिवावरसुद्धा अधिकार दिलेला होता. नकोसे झालेले तान्हे मूल उघड्यावर टाकून देण्याची चाल होती. मुलांनी आज्ञा पाळावी हे तर सारेच शिकवीत. बापाला मर्यादा घालणारे पौलाचे वाक्य त्या समाजात ऐकणाऱ्यास दचकविणारे असले पाहिजे. मूल चुकले तर शिक्षा करावी, पण चारचौघांत पाणउतारा, भावंडांशी तुलना, आणि दारू पिऊन येऊन केलेली मारहाण ह्यांना शिक्षा म्हणत नाहीत. टिळकांचे वडील वामनराव कठोर वृत्तीचे होते. आई जानकीबाई वारल्यावर नारायण घर सोडून नाशकास निघून गेला. मन मोडलेले मूल पायांनी जाते किंवा घरात राहूनच निघून जाते. दुसरा प्रकार बापाच्या लवकर लक्षात येत नाही.

आपल्या वळसंगाकडे मराठी व कानडी शेजारी शेजारी नांदतात, आणि कानडी घरात मूल बापाला ‘अप्पा’ म्हणून हाक मारते. गेथशेमाने बागेत प्रभूने देवाला ‘अब्बा’ म्हटले (मार्क १४:३६). हा अरामी शब्द नव्या करारात तीनदा येतो, आणि मूळ ग्रीक लिहिणाऱ्यांनीही तो भाषांतराने झाकून न टाकता तसाच ठेवला. तो निव्वळ बोबड्या मुलाचा शब्द नव्हे. मोठा झालेला मुलगाही बापाला त्याच शब्दाने हाक मारी. म्हणून त्यात सलगीही आहे आणि अदबही आहे. आपल्या मुलाला बापाच्या नुसत्या चाहुलीने कोपऱ्यात दडावे लागत असेल, तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहील, ह्याचा प्रत्येक बापाने विचार करावा. मात्र हेही सांगितले पाहिजे की पित्याची ओळख बापावाचूनही होऊ शकते. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनांनी पदरी घेतलेल्या पोरक्या मुलांपैकी कित्येकांनी ‘बाप’ हा शब्द प्रार्थनेतच प्रथम उच्चारला असेल. अशा मुलांच्या वंशजांस आम्ही आदराने नमस्कार करितो.

मुलींविषयी थोडे. याईर हा सभास्थानाचा अधिकारी. तो भर गर्दीत प्रभूच्या पाया पडला तो बारा वर्षांच्या मुलीसाठी. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायात त्याच्या तिन्ही मुलींची नावे दिली आहेत, मुलांची नाहीत, आणि बापाने त्यांना भावांबरोबर वतन दिले असे सांगितले आहे. जमिनीच्या वाटणीच्या दिवशी हा अध्याय वाचावयास आपल्यांपैकी कोणी काढीत नाही!

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ख्रिस्ती नव्हते, तरी आम्ही ख्रिस्ती बापांपुढे त्यांचे उदाहरण ठेवितो. पुण्यास पेशव्यांच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृत शिकविले जाते हे त्यांनी तरुणपणी पाहिले आणि ते मनात धरले. पुढे स्वतःची पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी शिकविले. शास्त्री मंडळींचा रोष आला तरी सोडले नाही. गंगामूळच्या रानात १८५८ साली रमा जन्मली, आणि बाप वृद्ध झाला होता म्हणून तिला आईने शिकविले. म्हणजे बापाने पत्नीला जे दिले ते मुलीला पोहोचले. १८७४ साली उपासमारीत ते वारले. दृष्टी गेलेली असताना त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि आपण तिला देवाच्या हाती सोपविले आहे, तिने सन्मार्गाने राहून त्याची सेवा करावी, असे सांगितले, हे रमाबाईंनीच लिहून ठेविले आहे. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. केडगावचे मुक्तिसदन आणि पवित्र शास्त्राचे संपूर्ण मराठी भाषांतर ही त्यांची कामे आपणांस ठाऊक आहेतच. बापाचे शब्द त्यांना अखेरपर्यंत आठवत होते.

कोणी म्हणेल, आम्ही ऊसतोडीला जातो, किंवा सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी करितो, मुलांशी बोलावे केव्हा? योसेफाकडे पाहावे. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. तो उठला, मुलाला व त्याच्या आईला घेऊन रातोरात मिसराकडे निघाला, परत आला, आणि मुलाला सुताराचे काम शिकविले. बरोबर बसवून हातातले काम शिकविणे हेही बोलणेच आहे. मागावर बसणाऱ्या बापाला हे निराळे सांगावयास नको. लूक १५ मधील बाप तर धाकट्यासाठी धावत गेला, आणि थोरला रुसून दाराबाहेर राहिला तेव्हा मेजवानी सोडून पुन्हा बाहेर आला. त्या दिवशी तो दोनदा घराबाहेर पडला, दोन्ही वेळा मुलासाठी. थोरला अखेर आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितले नाही.

उपदेशकांस सूचना : हा धडा घेताना मुलांची शब्बाथशाळा नेहमीप्रमाणे वेगळी बसवू नये. बापांना मुलांशेजारी बसवावे. प्रथम अनुवाद ६:२०-२५ एखाद्या मुलाकडून वाचवून घ्यावे, मग एका वडील माणसास उभे करून त्याच्या घराण्यात प्रभूचे नाव कोणी व कसे आणिले ते सांगावयास लावावे. तो अडखळला तरी मध्ये बोलू नये. ज्या घरी बाप नाही त्या घरच्या मुलांजवळ मंडळीतील एखाद्या वडिलाने बसावे, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे. घरी वाचण्यासाठी सोमवारी उत्पत्ति २६:१२-२५, मंगळवारी १ शमुवेल ३, बुधवारी २ शमुवेल १८:२४-३३, गुरुवारी ईयोब ४२, शुक्रवारी मार्क ५:२१-४३ आणि शनिवारी लूक १५. ज्या बापास वाचता येत नाही त्याने मुलाकडून वाचवून घ्यावे.