झोप लागली की शुद्ध हरपली?

आमच्या गुंजवण्यात पावसाळ्याच्या तोंडावर कौलं चाळताना माणसं पडतात. राजगडावरून घसरणारे ट्रेकर वेगळेच. असेच एक काका पडले. उठून बसले, बोलले, चहाही घेतला. मग आडवे होऊन घोरायला लागले. घरच्यांना वाटलं, दमलेत, लागली झोप. आधी नेलं त्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता: 'गुंगीत'. मार्गासनी, नसरापूर करत ते पुण्यात आमच्या न्यूरो आयसीयूत पोचले तेव्हा डावी बाहुली मोठी झालेली, बॅटरीच्या उजेडाला आकसेना. कवटीखाली रक्त साचलं की कधीकधी मधला काळ असा फसवा जातो. पण शुद्ध कधीपासून उतरत गेली, हे त्या 'गुंगीत'वरून कसं कळावं? ऑपरेशन झालं, काका वाचले. उजवा हात मात्र अजून जड आहे.

नव्या सिस्टरांना म्हणून मी सांगते, नुसतं 'जीसीएस 9' लिहू नका. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 साली शुद्धीची ही मोजणी (ग्लासगो कोमा स्केल) मांडली, तीच मुळी डोळे, बोलणं आणि हालचाल वेगवेगळी बघायला. डोळ्यांचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6. तिन्ही आकडे सुटे लिहा. खांद्याच्या स्नायूला चिमटा घेतल्यावर हात चिमट्यापर्यंत आला तर 5, अंग नुसतं मागे ओढलं तर 4. पाचाचे चार झाले की रात्रीचे तीन वाजलेले असोत, डॉक्टरांना उठवा. बीपी चढून नाडी मंदावेपर्यंत थांबलात तर फार उशीर होतो.

बोलणं तपासताना वेल्ह्याकडच्या आजीला 'आज तारीख काय' विचाराल तर धडधाकट असतानाही सांगणार नाही. महिना विचारा, 'वैशाख' म्हणाली तरी बरोबर धरा. बाहुली वेडीवाकडी दिसली तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, हे घरच्यांना विचारा. आणि तोंडाला वास आला की 'प्यायलाय, उतरेल' म्हणून सोडून देतात, त्याची मला फार चीड येते. प्यायलेल्याचं डोकं फुटत नाही का? साखर तपासा, बाहुल्या बघा, दर अर्ध्या तासाने हाक मारा.

गावकऱ्यांनो, पडलेल्याची मान हलवू नका, चहापाणी पाजू नका, 108ला फोन लावा. कधी पडला, शेवटचं नीट कधी बोलला, हे कागदावर लिहा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट सोबत द्या.