मित्राचे इंजिन

सन १९८६ च्या उन्हाळी सुटीतील ही हकीकत आहे. मी तेव्हा वाईजवळच्या एका शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. माझा एक बालमित्र पसरणीच्या घाटातून जीप चालवीत असे. घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांचा भाजीपाला वाईच्या बाजारात पोहोचवावयाचा आणि परतताना किराणा व चार माणसे घेऊन वर जावयाचे, हा त्याचा व्यवसाय. त्यावर पाच माणसांचे घर चालत असे. जीप चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी आणि बरीच जुनी होती.

त्या वैशाखात घाट चढताना ती धापा टाकू लागली. मागून निळसर धूर निघे, आणि तेल तर ती पाण्यासारखे पीत असे. पिस्टनवरील कड्या झिजल्या की तेल वर चढून पेट्रोलबरोबर जळते आणि इंजिनाचा जोर जातो. ते पुरते उघडण्यावाचून उपाय नव्हता. परंतु कारागिराची मजुरी देण्याची मित्राची ऐपत नव्हती. लहानपणी मामांच्या गॅरेजात सुट्या घालविल्यामुळे मला या कामाची थोडी माहिती होती, आणि थोड्या माहितीचा अभिमान फार असतो. "मजुरीची चिंता नको, मी करतो," असे मी बोलून गेलो.

इंजिनाच्या पोटात काय चालते, ते येथे सांगितले पाहिजे. पिस्टन खाली येताना हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो, वर जाताना ते दाबतो. मग ठिणगी पडून ते पेटते व पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळका धूर बाहेर लोटतो. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये या चार धावांचे इंजिन चालवून दाखविले. पिस्टनची ही धाव एका दांड्यामार्फत खालच्या क्रँकला मिळते व क्रँक फिरू लागतो. दांड्याचे खालचे टोक क्रँकला जणू मिठी मारून बसते. अर्धी मिठी दांड्याची असते, तर उरलेली अर्धी नटांनी आवळलेल्या टोपीची. कारखान्यात टोपी दांड्यावर बसवूनच ते भोक कातलेले असते; म्हणून एकाची टोपी दुसऱ्यास चालत नाही. आत मोकळीक असते ती केसाच्या जाडीहूनही कमी, आणि तेवढ्या जागेत तेलाचा थर राहतो.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही इंजिन उघडताना चारही टोप्या मी एकाच घमेल्यात, रॉकेलमध्ये टाकल्या. मागाहून ओळखता येतील, असे वाटले.

साताऱ्याहून सिलिंडर कातून आणविले. नवे पिस्टन व कड्या आणल्या. त्यासाठी मित्राने दुभती म्हैस विकली होती, हे मला पुढे कळले. एकेक टोपी आवळली की क्रँक हाताने फिरवून पाहावा, हा मामांचा नियम होता. मी मात्र चारही टोप्या एकदम आवळून तळाचे तबक बसविले आणि हँडल मारून पाहिले. ते अतिशय जड फिरले, मध्येच अडखळलेही. 'कड्या नव्या आहेत, जड जाणारच,' अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी वाईचा बाजार होता, आणि मित्राने शेतकऱ्यांना शब्द दिला होता.

रात्री झोप लागेना. टोपी घट्ट बसली तर तेलाचा थर तुटतो, बेअरिंग तापून चिकटते आणि दांडा मोडून इंजिनाची भिंत फोडू शकतो. हे घाटात, माणसे बसलेली असताना घडले तर? पहाटे जाऊन मी मित्राला सर्व सांगितले.

"मास्तर, गाडी चालणारच नाही का?" त्याने विचारले.

"चालेलही. पण कोठवर चालेल, ते मला सांगता येत नाही."

तो काही बोलला नाही. पायताण घालून शेतकऱ्यांना निरोप देण्यास गेला. त्या दिवशी त्यांचा माल दुसऱ्याच्या गाडीने गेला.

मी पुन्हा तळ उघडला. तारेच्या ब्रशाने टोप्यांच्या कडा घासल्या, तो काजळीखाली आकडे दिसू लागले. दांड्यांवरही तेच आकडे ठोकलेले होते. दुसऱ्याची टोपी तिसऱ्याला आणि तिसऱ्याची दुसऱ्याला बसली होती. खुणा पहिल्यापासून तेथेच होत्या. मी घासून पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते. सुदैवाने इंजिन हातानेच फिरविले असल्यामुळे बेअरिंगला इजा झाली नव्हती. या वेळी प्रत्येक टोपीनंतर क्रँक फिरवून पाहिला. कड्यांमुळे तो जड जात होता खरा, पण कोठेही अडखळत नव्हता.

तिसऱ्या दिवशी, हँडलच्या चौथ्या फिरकीला, जीप सुरू झाली. मी हात धुवावयास वळलो, तेव्हा मित्र म्हणाला, "पहिल्या फेरीला तू शेजारी बसायचं."

आम्ही सावकाश घाट चढलो. माथ्यावर त्याने गाडी थांबविली, तेलाची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून पाहिली आणि मलाही दाखविली. तेल जागच्या जागी होते. बुडालेल्या बाजाराचे पैसे मी त्याच्यापुढे केले. त्याने ते मोजून घेतले आणि जीप सुरू केली.