हृदयाची तपासणी आणि रात्रीचे घोरणे



रविवारी प्रवचनाच्या वेळी डुलक्या घेणारे बांधव आम्हांला वेदीवरून दिसतात. पूर्वी आम्ही तो दोष आमच्या प्रवचनाचाच मानीत असू. पण गेल्या वर्षी त्यांतील एक पन्नाशीचे ऊस-बागाईतदार ट्रॅक्टर चालवताना पेंगले आणि ट्रॅक्टर बांधावरून खाली गेला. सुदैवाने निभावले. त्यांचा रक्तदाब 3 प्रकारच्या गोळ्या घेऊनही उतरत नव्हता, म्हणून हृदयाची तपासणी ठरली. आम्हीही सोबत गेलो. कार्डिओग्राम बरा निघाला. उठता उठता त्यांची पत्नी म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे रात्री फार घोरतात. मध्येच श्वास थांबतो, मग दचकून उठतात." त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलली.

या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. 10 सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ श्वास अडतो, रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू दचकून जागा होतो आणि रक्तदाब चढतो. असे तासाला 30 हून अधिक वेळा घडले तर विकार तीव्र समजतात. दिवसभर नांगराला जुंपलेल्या बैलाला रात्री गोठ्यात विसावा मिळतो. या रोग्याचे हृदय मात्र रात्रीही जुंपलेलेच राहते. त्यातून वाढता रक्तदाब, ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात यांचा धोका वाढतो.

आता तपासण्या पाहू. कार्डिओग्राम काही सेकंदांचे ठोके टिपतो. इको हृदयाचे स्नायू व झडपा दाखवतो. चालत्या पट्ट्यावरची तपासणी श्रमाच्या वेळचे हृदय दाखवते. या तिन्ही तपासण्या जागेपणी होतात. अंगावर 24 तास बांधायचे होल्टर यंत्र रात्रीचे ठोके नोंदवते, पण श्वास अडल्याचे निदान त्यावरून ठरत नाही. त्यासाठी झोपेची वेगळी तपासणी करावी लागते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. घोरणे, श्वास अडणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. रात्री जवळ झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावे; खरा साक्षीदार तोच.

2. अँजिओग्राफीपूर्वी गुंगीचे औषध देण्याची शक्यता असते. त्याने घसा आणखी सैल पडतो. हा विकार असल्याचे आधीच सांगावे आणि श्वासाचे यंत्र असल्यास बरोबर न्यावे.

3. तपासणीच्या दिवशी कोणती गोळी घ्यावी, कोणती नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे.

4. सीपॅप यंत्र हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवते. 1981 साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिवन यांनी हा उपाय जगापुढे मांडला. मुखवटा रोज धुवावा. गावी वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरची सोय पाहावी. यंत्र आले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

5. कुशीवर झोपावे, वजन उतरवावे, दारू टाळावी. झोपेच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

प्रत्येक घोरणारा रोगी नसतो, हेही खरे. पण श्वास अडत असेल तर हसण्यावारी नेऊ नका.

आमचे बागाईतदार आता रोज मुखवटा लावून झोपतात. रक्तदाब आटोक्यात आहे, पत्नीलाही शांत झोप लागते. प्रवचनात ते अजून कधी डुलले, तर तो दोष मात्र आमचाच!