मोटार-सायकलचा पहिला धडा : थांबणें

घरांत नवी मोटार-सायकल आली म्हणजे मुलाचा हात आपोआप तिच्या मुठीकडे जातो, आणि वडील माणसांनाही त्याचें कौतुक वाटतें. परंतु विद्यार्थिमित्रांनो, वाहन पुढें नेण्याची विद्या सोपी आहे. तें हव्या त्या जागीं थांबविण्याची विद्या कठीण आहे. शिक्षणाचा आरंभ तेथूनच व्हावयास पाहिजे.

याचें कारण साध्या गणितांत आहे. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें ११ मीटर अंतर काटतें. संकट डोळ्यांस दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंतच हें अंतर सरून जातें. शिवाय वेग दुप्पट केला, तर ब्रेक लावल्यावर थांबण्यास लागणारें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें.

गिअरची मोटार-सायकल चालविण्यास कायद्यानें वयाचीं १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. तोंपर्यंतचा काळ व्यर्थ नाहीं. तोल सांभाळणें, वळण्यापूर्वीं मागें पाहणें, हातानें इशारा देणें, हे सर्व धडे साध्या सायकलवर पक्के होतात.

पुढें शिकाऊ परवाना मिळाला म्हणजे जाणत्या माणसासह मोकळ्या मैदानांत जावें. प्रथम इंजिन बंद ठेवून वाहन हातानें ढकलावें व त्याचें वजन ओळखावें. मग डाव्या हातांतील क्लच सावकाश सोडून थोडें पुढें जावें आणि थांबावें. असें पुनःपुन्हां करावें. उजव्या हाताशीं पुढचा ब्रेक व उजव्या पायाशीं मागचा असतो. पुष्कळ नवशिके पुढच्या ब्रेकला भितात. वस्तुतः ब्रेक लागतांच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याचें अधिक काम तेंच चाक करितें. वाहन सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकाच वेळीं, परंतु वाढत्या दाबानें लावावे. हिसका दिल्यास चाक घसरतें. वाळू, चिखल आणि पहिल्या पावसानें निसरडा झालेला रस्ता यांवर वेग आधींच कमी करावा.

आतां शिरस्त्राणाविषयीं, म्हणजे हेल्मेटविषयीं. १९३५ सालीं इंग्लंडांत टी. ई. लॉरेन्स हे प्रसिद्ध लेखक व सैनिक, सायकलवरील दोन मुलांस वांचविण्यासाठीं मोटार-सायकल वळवितांना पडले, आणि डोक्यास मार लागून सहा दिवसांनीं वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीं ह्यू केर्न्स या शस्त्रवैद्यांनीं पुढें मोटार-सायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला, व १९४१ सालीं शिरस्त्राणाचें महत्त्व दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं ब्रिटिश सैन्यानें आपल्या स्वारांस तें सक्तीचें केलें. आपण मात्र पुष्कळदां तें आरशाला अडकवून फिरतों! तें डोक्यावर असावें, त्याचा पट्टा हनुवटीखालीं बांधलेला असावा, आणि मागें बसणारासही तें असावें.

पालकांस एक नम्र विनंती. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अज्ञान मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. परंतु दंडाहून मोठी गोष्ट ही कीं, देवानें आपल्या स्वाधीन केलेलें लेंकरूं आणि रस्त्यानें जाणारा कोणी अनोळखी शेजारी, दोघांचाही जीव त्या एका किल्लीवर अवलंबून असतो. मुलानें हट्ट धरला तरी वेळेपूर्वीं ती देऊं नये. नकार ऐकून घेणें हाही थांबण्याचाच एक धडा आहे.