स्पिटफायरची मोठी प्रतिकृती : बांधणी आणि जुळणी

५ मार्च १९३६ रोजी इंग्लंडमधील साउथॅम्प्टनजवळच्या ईस्टली येथील मैदानावरून एका नव्या लढाऊ विमानाने प्रथमच भरारी घेतली. सुपरमरीन कंपनीतील रेजिनाल्ड मिचेल या अभियंत्याने त्याची रचना केली होती. हेच विमान पुढे ‘स्पिटफायर’ या नावाने जगप्रसिद्ध झाले. मिचेल यांचे १९३७ मध्ये निधन झाले आणि आपल्या विमानाचा युद्धातील पराक्रम पाहण्याचे भाग्य काही त्यांना लाभले नाही. विविध आवृत्त्या मिळून या विमानांची संख्या २० हजारांच्या वर गेली. भारतीय वायुदलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननेही १९४४ मध्ये ही विमाने स्वीकारून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरली. दिल्लीत पालम येथील वायुसेना संग्रहालयात स्पिटफायर आजही पाहावयास मिळते.

जगभरच्या हौशी प्रतिकृतिकारांना या विमानाचे विलक्षण आकर्षण आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृतिबांधणी हा प्रशिक्षणाचा भाग असल्याने आपल्याकडील काही विद्यार्थ्यांनाही या विद्येची तोंडओळख असते. परंतु हातातून सोडावयाचे बाल्साचे ग्लायडर आणि सव्वादोन मीटर पंखविस्ताराचे, पेट्रोल इंजिनावर उडणारे विमान यांत मोठे अंतर आहे. एकपंखी प्रतिकृतीचा विस्तार ८० इंच किंवा त्याहून अधिक असेल तर ती मोठ्या प्रतिकृतींत गणण्याचा प्रघात आहे. अशा विमानाचे भवितव्य बहुतांशी जमिनीवरच, कार्यशाळेच्या टेबलावर ठरते. ते कसे, हे एकपंचमांश मापाच्या स्पिटफायरच्या उदाहरणावरून पाहता येईल.

मापाचे गणित

मूळ स्पिटफायरचा पंखविस्तार ११.२३ मीटर आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २२.५ चौरस मीटर होते. एकपंचमांश प्रतिकृतीत विस्तार सुमारे २.२५ मीटर होतो. क्षेत्रफळ मात्र एकपंचमांश न राहता पंचविसाव्या हिश्शाइतके, म्हणजे ०.९ चौरस मीटर उरते, आणि घनफळ तर सव्वाशेवा हिस्सा होते. वर्गात घन आणि वर्ग शिकविणाऱ्या शिक्षकांना याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. लढाईस सज्ज असलेल्या मूळ विमानाचे वजन अडीच हजार किलोंहून अधिक होते. त्याचा सव्वाशेवा हिस्सा २० किलोंच्या वर जातो. प्रत्यक्षात चांगला प्रतिकृतिकार ९ ते १० किलोंत विमान बसवितो, कारण पंखांवरील भार जितका कमी तितके विमान सावकाश उतरू शकते.

तरीही १० किलो हे वजन थोडके नव्हे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अशा विमानातील ऊर्जा ही तेवढेच वजन जवळजवळ ४० मीटर उंचीवरून, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडावे, इतकी असते. हा आकडा बांधणाऱ्याने आणि परवानगी देणाऱ्यानेही प्रारंभीच मनाशी पक्का केलेला बरा.

पंखांचा पीळ

स्पिटफायरचे सारे सौंदर्य त्याच्या लंबवर्तुळाकार पंखात आहे आणि बांधणाऱ्याची सारी कसोटीही तेथेच लागते. सरळ कडांच्या पंखात एकाच मापाच्या बरगड्या ओळीने बसवून काम भागते. येथे मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक बरगडीचे माप निराळे असते. बाल्सा किंवा पातळ प्लायवूडच्या बरगड्या कापून, त्यांतून स्प्रूस लाकडाची तुळई ओवून, वरून पातळ बाल्साचे आवरण चिकटविले जाते. वाहतुकीच्या सोयीसाठी दोन्ही पंख धडापासून सुटे करता येतील, अशी ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या नळीवरील जोडणी करण्यात येते.

मूळ पंखात आणखी एक बारकावा होता. पंखाचे मूळ समोरून येणाऱ्या हवेशी दोन अंशांनी वर उचललेले असे, तर टोक अर्ध्या अंशाने खाली झुकलेले. हा अडीच अंशांचा पीळ दिसण्यासाठी नव्हता. वेग फार कमी झाला की पंखावरील हवेचा प्रवाह विस्कळीत होऊन उचल नाहीशी होते. ही अवस्था आधी टोकाकडे आली, तर एक पंख अकस्मात खाली जाऊन विमान उलटते. पिळामुळे ती मुळाकडे आधी येते, टोकाजवळचे एलेरॉन कामात राहतात आणि चालकाला सावरण्यास अवधी मिळतो.

प्रतिकृतीत हा पीळ लाकडातच घडवावा लागतो. सपाट पाटावर पंख बांधताना टोकाकडील बरगड्यांच्या मागील कडेखाली ठोकळे ठेवतात. २५ सेंटिमीटर लांबीच्या बरगडीची मागील कड अडीच अंशांसाठी सुमारे ११ मिलिमीटर वर यावी लागते. आवरणाचा डिंक वाळेपर्यंत पंख पाटावरून हलवावयाचा नाही, कारण एकदा बंद झालेला पंख नंतर सहसा दुरुस्त होत नाही. डाव्या व उजव्या पंखांच्या पिळात अर्ध्या अंशाचाही फरक राहिला, तर विमान आयुष्यभर एका बाजूला झुकत राहते. घाई करणाऱ्यांची विमाने येथेच बिघडतात. रंगरंगोटी कितीही देखणी असली तरी त्याचा उपाय होत नाही.

नाकातील शिसे

स्पिटफायरचे इंजिनाकडील नाक लांब दिसते, पण प्रतिकृतीतील छोटे पेट्रोल इंजिन मूळच्या भव्य मर्लिन इंजिनाच्या मानाने फारच हलके. त्यामुळे प्रतिकृती हमखास शेपटीकडे जड होते. विमान ज्या बिंदूवर तोलून राहते तो गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढील २५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या उदाहरणातील पंखाची सरासरी रुंदी ४० सेंटिमीटर, म्हणून तो बिंदू सरासरी रुंदीच्या पुढील कडेपासून १० ते १२ सेंटिमीटर मागे येतो.

समजा, ९ किलोंच्या विमानाचा तोल हव्या असलेल्या बिंदूच्या ३ सेंटिमीटर मागे आला. त्या बिंदूपुढे ६० सेंटिमीटरवर नाकात शिसे बसवावयाचे असेल, तर ९ गुणिले ३ भागिले ६०, म्हणजे ४५० ग्रॅम शिसे लागेल. उलट बाजूने पाहता, शेपटीत एक मीटर मागे वाचविलेले प्रत्येक ६० ग्रॅम नाकातील १०० ग्रॅम शिसे वाचविते. म्हणूनच जाणते कारागीर शेपटीचे लाकूड तोलून निवडतात, तेथे रंगाचा एक हात कमी देतात आणि इंजिनाचा विजेरीसंच शक्य तितका पुढे नेतात. तोल पाहताना इंधनाची टाकी रिकामी ठेवावी. टाकी गुरुत्वमध्याच्या पुढे असते. भरल्या टाकीवर साधलेला तोल इंधन संपत येईल तसा मागे सरकतो, आणि तोही नेमका उतरण्याच्या वेळी!

तोल मागे गेलेले विमान काय करते, हे मूळ स्पिटफायरच्या इतिहासातच नमूद आहे. पाचव्या आवृत्तीच्या काळात स्क्वाड्रनांमध्ये विमानांवर नवनवे साहित्य चढविले गेले, ते कोठे ठेवावे याच्या सूचना काटेकोर पाळल्या गेल्या नाहीत आणि गुरुत्वमध्य मागे सरकला. अशी विमाने नियंत्रणास अतिसंवेदनशील बनली व काही हवेतच मोडली. चाचणी वैमानिक जेफ्री क्विल यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. भाराबाबतच्या सूचना कडक करण्यात आल्या आणि १९४२ च्या सुमारास एलिव्हेटरच्या नियंत्रणात एक छोटे वजन बसविण्यात आले. विमानाच्या आराखड्यात दोष नव्हता. दोष नोंदीप्रमाणे भार न ठेवण्यात होता.

रेडिओ आणि नियंत्रणे

अमेरिकेतील मिशिगन राज्यातील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी १९३७ च्या सुमारास ‘गफ’ नावाची प्रतिकृती रेडिओने उडवून दाखविली. पुढे अनेक दशके एकाच मैदानावर दोघांनी एकच लहरसंख्या वापरली की विमान कोसळणे ठरलेले असे. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपोआप लहरी बदलत राहतात, त्यामुळे ती अडचण बव्हंशी मिटली आहे.

विमानातील रिसीव्हरला मिळालेली आज्ञा सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरी पार पाडतात. मोठ्या प्रतिकृतीत प्रत्येक एलेरॉनला आणि एलिव्हेटरच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र, धातूच्या दात्यांचा सर्व्हो द्यावा. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर विमान उतरविता येते. जोडकाड्यांत किंचितही सैलपणा नसावा. वेग वाढताच सैल पृष्ठभाग थरथरू लागतो आणि काही क्षणांत शेपूट उखडून टाकतो. रिसीव्हरला दोन स्वतंत्र विजेरीसंच व दोन बटणे असावीत. इंजिनाची ठिणगी देणारी यंत्रणा त्यापासून किमान ३० सेंटिमीटर दूर बसवावी. संदेश तुटल्यास इंजिन आपोआप मंद किंवा बंद होईल अशी व्यवस्था रिसीव्हरमध्ये करावी आणि ट्रान्समीटर बंद करून ती प्रत्यक्ष पडताळून पाहावी. ‘केली आहे’ या आठवणीवर विसंबू नये.

यानंतरची तपासणी इतकी साधी आहे की ती हटकून राहून जाते. दांडा उजवीकडे नेल्यावर उजवा एलेरॉन वर जातो काय? मागे ओढल्यावर एलिव्हेटर वर उचलतो काय? २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्ड येथे ॲव्ह्रो ट्यूडर जातीचे एक विमान उड्डाण करताच कोसळले. दुरुस्तीनंतर एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. मृतांत प्रसिद्ध लँकेस्टर बाँबफेकी विमानाचे रचनाकार रॉय चॅडविक होते. जे चॅडविक यांच्यासारख्या जाणकाराच्या विमानात घडले, ते नवशिक्याच्या कार्यशाळेत घडणार नाही असे कोणी मानू नये. विमानाच्या मागे उभे राहून, दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घेत, प्रत्येक उड्डाणापूर्वी ही पडताळणी करावी.

मैदानावर

या मापाला ५० घनसेंटिमीटरचे द्विघाती पेट्रोल इंजिन आणि २२ इंची पंखा सर्वसाधारणपणे पुरतो. मिनिटाला ७ हजार फेऱ्यांवर त्या पंख्याच्या टोकाचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर जातो. फिरता पंखा डोळ्यांना धूसर चकतीसारखा भासतो, म्हणूनच तो अधिक घातक. त्याच्या समोर किंवा त्याच्या रेषेत बाजूला कोणीही उभे राहू नये. इंजिन सुरू करताना सहकाऱ्याने शेपूट धरून ठेवावी. ट्रान्समीटरची शक्ती कमी करून सुमारे ३० पावलांवरून नियंत्रणे चालतात की नाही, हे इंजिन बंद असताना व चालू असताना अशा दोन्ही वेळी पाहावे.

स्पिटफायरच्या चाकांमधील अंतर मुळातच अरुंद, सुमारे पावणेदोन मीटर होते. प्रतिकृतीत ते ३५ सेंटिमीटर भरते. सव्वादोन मीटर पंखांच्या मानाने ही फारच अपुरी बैठक झाली. शिवाय पंख्याच्या फिरण्यामुळे धावताना नाक डावीकडे ओढले जाते, तेव्हा इंजिन हळूहळू वाढवीत रडरने उजवीकडे सावरावे लागते. (नंतरच्या आवृत्त्यांतील ग्रिफन इंजिन उलट्या दिशेने फिरे, आणि मर्लिनची सवय झालेल्या वैमानिकांना पायांची सवय बदलावी लागे.) वाऱ्याच्या समोर तोंड करून, आडवा वारा नसताना पहिले उड्डाण करावे.

जागेची निवड हा ग्रामपंचायतीच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. शाळेचे पटांगण यासाठी योग्य नाही. वस्ती, रहदारीचा रस्ता, विजेच्या तारा आणि चरणारी गुरे यांपासून दूर, मोकळे गायरान किंवा माळ हवा. प्रेक्षक एकाच बाजूला, उड्डाणरेषेच्या मागे असावेत आणि विमान त्यांच्या डोक्यावरून नेऊ नये. केंद्र शासनाच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोंपर्यंतच्या, शिक्षण वा करमणुकीसाठी दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा स्वतंत्र उल्लेख आहे. हवाई क्षेत्राची हिरवा, पिवळा व लाल अशी विभागणी असून नेमकी जागा कोणत्या विभागात येते, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहता येते. पिवळ्या व लाल क्षेत्रांत पूर्वपरवानगीखेरीज उड्डाण करता येत नाही. अर्ज आल्यास संबंधितांनी नियमांची अद्ययावत प्रत समोर ठेवून निर्णय घ्यावा.

पहिल्या उड्डाणात कसरती करू नयेत. पुरेशी उंची गाठून, इंजिन मंद करून विमान कमी वेगात कसे वागते ते पाहावे. फ्लॅप उघडल्यावर नाक वर जाते की खाली, हेही उंचावरच तपासावे. मग रुंद वळण घेऊन, पंख समतल ठेवून विमान उतरवावे. उतरल्यावर इंजिनाचे व एलेरॉनच्या जोडांचे स्क्रू पाहावेत, विजेरीतील शिल्लक मोजावी आणि सारे वहीत टिपावे. नाक जड वाटल्यास शिसे एका वेळी २० ग्रॅमच काढावे आणि पुन्हा तोल मोजल्याशिवाय दुसरे उड्डाण करू नये.