वसईच्या किल्ल्यात पायी



पंचवटीतील नारोशंकराची घंटा आपण सर्वांनी पाहिली आहे. गोदेचा पूर तिला टेकला का, असे नाशिककर आजही विचारतात. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मंदिर मात्र १७४७ चे. ही पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयानंतर इकडे आली असे मानतात. ती निघाली ते गाव पाहावे म्हणून धर्मग्रामातील काही तरुणांना घेऊन आम्ही वसईला गेलो.

हा किल्ला वाहनातून पाहू नये. भुईदरवाजापासून दर्यादरवाजापर्यंत चालावे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढे दोनशे वर्षे समुद्रकाठच्या या तटाआत शहर नांदले. येशूसंघ, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, प्रत्येकाचे चर्च व मठ. आज बहुतेक भिंतीच उरल्या आहेत. फ्रान्सिस्कनांच्या संत अँथनी चर्चमध्ये खाली पाहत चाला. पायाखाली पोर्तुगीज अक्षरांच्या कबरींच्या शिळा आहेत. आम्ही त्यांवरून सरळ चालत गेलो आणि मग चुकल्यासारखे झाले.

याच वसईत सोळाव्या शतकात गोन्सालो गार्सिया वाढला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जपानमध्ये त्याने येशूसंघीयांची सेवा केली, पण संघात प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्याला बंधू म्हणून स्वीकारले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारले. १८६२ साली तो संत घोषित झाला. अर्ज नाकारले गेलेल्या आपल्या मुलांनी हे चरित्र जरूर वाचावे.

तिथेच एका तरुणाने विचारले, "फादर, म्हणजे घंटा आपली होती ना?" होती. पण अर्धा इतिहास सांगणे खोटे बोलण्यासारखेच आहे. पोर्तुगीज सत्तेने या मुलखात देवळे पाडली, हेही सांगितले पाहिजे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तोवर हजारो माणसे पडली होती. पोर्तुगीज शिबंदीला तहाप्रमाणे शस्त्रांनिशी जाऊ दिले. स्थानिक ख्रिस्ती मात्र येथेच राहिले, मराठीच बोलत राहिले. राज्य गेले म्हणून श्रद्धा गेली नाही, याचा अर्थ ती राज्याची नव्हतीच. घंटेचा हेतू माणसांना बोलावणे. सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकताना हे उदाहरण आम्हाला सुचले नव्हते.

दर्यादरवाजाबाहेर किल्लाबंदरला होड्या लागलेल्या, बांबूंवर बोंबील वाळत होते. तेथे आम्ही डबे उघडले.

पुढील खेपेस येणाऱ्यांनी बंद बूट घालावेत, पाणी बरोबर घ्यावे. गवतात साप असतात.