भाकरीचं बळ : अनुभवाचे सहा बोल

गाव शहागड, विषय स्नायूंचा चयापचय. गोदाकाठ सोडून प्रयोगशाळेत गेलो आणि तिथेच रमलो. नवी संशोधक पोरंपोरी भेटली की त्यांना जे सांगतो, ते इथे मांडतो.

१. प्रश्न गावाकडून घ्या.
दिवाळी झाली की आमच्या भागातून आणि गोदेच्या पुलापलीकडच्या गेवराई तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवसभर तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. पोटात भाकरी आणि ठेचा. एवढ्या कष्टाला इंधन कुठून येतं आणि झिजलेला स्नायू कशानं भरून निघतो, या दोन प्रश्नांनी मला आयुष्यभर काम पुरवलं.

२. ताट आणि स्नायू वेगळे धरू नका.
केंब्रिजच्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये वॉल्टर फ्लेचर यांच्यासोबत बेडकाच्या स्नायूतलं लॅक्टिक आम्ल मोजलं. स्नायू थकला की ते वाढतं, प्राणवायू मिळाला की घटतं. याच हॉपकिन्सनी १९१२ मध्ये दाखवलं की नुसत्या शुद्ध प्रथिनं, पिष्ट, चरबी आणि क्षारांवर उंदीर वाढत नाहीत. जरासं दूध दिलं की वाढतात. जीवनसत्त्वांच्या या कामाला १९२९ चं नोबेल मिळालं. माणूस एकच, टेबलं दोन.

३. दार बंद दिसलं तरी दारात उभे राहा.
१९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून कमला सोहोनींना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर त्यांना घ्यावंच लागलं. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. आपला स्नायू ज्या साखळीतून श्वासातला प्राणवायू वापरतो, त्या साखळीतलाच हा दुवा. मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरा आणि कडधान्यं तपासायला घेतली. मूलभूत विज्ञानानं त्यांना गरिबाच्या ताटापासून दूर नेलं नाही.

४. नोबेल मिळालेलं मतही तपासा.
लॅक्टिक आम्लामुळेच स्नायू आकुंचन पावतो, असा समज होता. त्या काळातल्या स्नायूंवरच्या संशोधनासाठी हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं. १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी हे आम्ल तयारच होऊ न देता स्नायू आकुंचन पावताना दाखवला. हिल यांनी तो निकाल मोकळेपणानं मान्य केला. आजही तालमीत ऐकू येतं की दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते लॅक्टिक आम्लामुळे. ते आम्ल तर कसरत थांबल्यावर तास-दोन तासांतच निवळतं. ठणका असतो तो स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेचा.

५. वजनकाटा अर्धंच सांगतो.
पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर मातांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मावेळचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी होती, पण पाठीवरची चरबी त्या मानानं टिकून होती. कमी पडला होता तो स्नायू. जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूच करतो. म्हणून किडकिडीत दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो. वजन लिहून घेतलंत, की त्यात स्नायू किती हेही विचारा.

६. आधी पोट, मग प्रथिन.
जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहिलेले, साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे १९७० च्या सुमारास ठासून सांगत होते : आपल्याकडची प्रथिनांची तूट ही बहुतांशी पोटभर न मिळण्याची तूट आहे. पोट अर्धं राहिलं तर शरीर प्रथिनंही जाळतं. मग स्नायू बांधायला उरणार काय? पोट भरलं की जोड बघा. ज्वारी-बाजरीत लायसिन कमी, डाळीत भरपूर; म्हणून भाकरीला पिठलं किंवा वरण हवंच. ६० किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिन पुरतं. प्रथिनाच्या पावडरीबद्दल कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, घरात महिन्याला डाळ किती येते? ते ऐकल्याशिवाय कुणालाच सल्ला देऊ नका.